शोषखड्ड्यात धोंडा लागला : फोडू की सोडू?

खड्डेखोर
नमस्कार मंडळी. घरामागे शोषखड्डा खणायला घेतलाय. दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद, दोन मीटर खोल असा बेत. गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपाने त्यात सोडायचं आणि जमिनीत मुरवायचं. पहिले दोन रविवार मजेत गेले. वरची माती, मग चिकण, मग मुरमाची सुरुवात. तिसऱ्या रविवारी ७० सेंटीमीटरवर कुदळ अशी खणकन वाजली की हात कोपरापर्यंत झिणझिणले.

आजूबाजूची माती काढली. काळपट करडा, गुळगुळीत पाठीचा धोंडा आहे. उघडा पडलेला भाग ९० गुणिले ७० सेंटीमीटर. तळ सापडलेला नाही, आणि एक बाजू खड्ड्याच्या भिंतीत गेली आहे.

पाच किलोचा घण आणून दोन तास हाणला. मिळकत : मूठभर कपच्या, तळहाताला चार फोड आणि नडगीवर एक चिरा. धोंड्याला माझ्या अस्तित्वाची दखल घ्यावीशी वाटलेली नाही.

घरी फोडण्याचा अनुभव कुणाला आहे का? ब्रेकर मशीन भाड्याने आणू, की ती केमिकल पावडर वापरू? सुरुंग अर्थातच नको.

चिमणी४२
वर फरशी टाका आणि बसायला ओटा करा. पुढचा धागा?

घणाघाती
इतकं काय त्यात. खड्ड्यात लाकडं रचून दोन-तीन तास जाळ करा. दगड लाल झाला की वरून बादलीभर गार पाणी. तडातडा फुटतो. पूर्वी मशिनं कुठे होती?

भूस्तर
घणाघाती, कृपया हा सल्ला मागे घ्या. पूर्वी असं करत हे खरं आहे. नॉर्वेतल्या कोंग्सबर्गच्या चांदीच्या खाणीत तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आग लावून खडक सैल करायचे. पण ते काय किंमत मोजून करत होते तेही बघा. जमिनीतून नुकत्याच उघड्या पडलेल्या दगडाच्या भेगांत ओल असते. तापला की आतल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते. वाट मिळाली नाही तर दगडाचे ढलपे गोळीसारखे सुटतात. तुम्ही बादली घेऊन बरोबर त्याच्या तोंडाशी उभे. शिवाय खोल खड्ड्यात धूर आणि कार्बन मोनॉक्साइड साचून राहतो, खाली उतरणाऱ्याला कळतही नाही.

आणखी एक गंमत. आगीने ग्रॅनाइट किंवा वालुकाश्म लवकर तडकतो त्याचं मोठं कारण म्हणजे त्यातलं क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं खनिज. ५७३ अंश सेल्सिअसला त्याच्या स्फटिकाची रचना बदलते आणि ते एकदम फुगतं. धागाकर्त्यांचं वर्णन वाचून हा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड वाटतोय, आणि बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसतंच. म्हणजे धोका पूर्ण, फायदा अर्धाही नाही.

घणाघाती
बरं बाई. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) करता येत नाहीये, नाहीतर केला असता.

टाकीचेघाव
वडिलांचा दगडफोडीचाच धंदा होता, लहानपण खाणीवर गेलं. त्यामुळे चार शब्द बोलतो.

फोडायचं कसं हे नंतर. आधी हे सांगा की तो धोंडा आहे की कातळ? धोंडा म्हणजे मातीत सुटा बसलेला. कातळ म्हणजे जमिनीचाच भाग, ज्याचं फक्त टोक तुम्हाला दिसतंय. कातळ असेल तर त्यात शोषखड्डा खणून उपयोग काय? पाणी मुरणार कुठे? दगडी हौद तयार होईल, त्यात डास होतील.

तीन गोष्टी करा :

पहार घेऊन धोंड्याच्या कडेने तिरकी खुपसत चला. कुठे ती खाली आत वळते आणि मऊ लागतं ते बघा. मग एका कडेला पहार घालून दाबा. धोंडा केसभर जरी हलला तरी सुटा आहे.

लहान हातोडीने सगळ्या पाठीवर टकटक करा. खणखणीत आवाज आला तर आत सलग आहे. बद्द आवाज आला तर तिथे खाली भेग किंवा पापुद्रा सुटलेला आहे. मडकं घेताना वाजवून बघतो तसंच.

तिसरं म्हणजे दगड झाडून स्वच्छ धुवा आणि उन्हात वाळताना त्याच्याकडे बघत बसा. पाठ वाळते, भेगा ओल्या राहतात. ओलसर काळी रेघ दिसली की खडूने लगेच आखून ठेवा, कारण दहा मिनिटांत ती जाते. आमचे वडील हे न करता घणाला हात लावत नसत.

शंकासुर
एक बाळबोध शंका. पाच किलोचा घण डोक्यावरून आणून मारला तरी दगडाला काही होत नाही, आणि तुम्ही म्हणता रेघा बघा. रेघांनी काय होणार?

भूस्तर
बाळबोध अजिबात नाही, सगळी गोम इथेच आहे. दगड दाबाला बळकट आणि ताणाला कच्चा असतो. त्याला चिरडायला जेवढं बळ लागतं, त्याच्या दहाव्या भागात, कधी त्याहूनही कमी बळात तो ताणून फाटतो. घण पाठीवर मधोमध आपटला की आपण त्याच्या सगळ्यात बळकट अंगाशी भांडत असतो. वरचे चार दाणे चिरडले जातात, त्याची पूड होते, बाकीचा धक्का खालच्या मातीत जिरतो. पण दगडाच्या पोटात भोक पाडून तिथून दोन बाजूंना रेटा दिला, तर तोच दगड मुकाट दुभंगतो. आधीची भेग असेल तर आणखी सोपं, कारण भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो.

माती_आणि_मी
वाचतेय. आमच्याकडेही असाच एक आहे, फक्त पाया खणताना निघालेला. वाखू (वाचनखूण) साठवली.

खड्डेखोर
टाकीचेघाव, तुमचे तिन्ही प्रयोग करून आलो.

पहार तीन बाजूंनी आत वळते. चौथी बाजू भिंतीत, तिचं काही कळत नाही. दाबल्यावर हलला का? मला वाटलं हलला, बायको म्हणाली तूच हललास.

टकटक करताना भिंतीपासून लांबच्या कोपऱ्यात चक्क बद्द आवाज येतो. बाकी घंटेसारखा. धुतल्यावर त्या कोपऱ्यात कडेला समांतर अशी एक वाकडी रेघ ओली राहिली. खडूने आखली आहे.

भूस्तर
कडेला समांतर आणि वाकडी? मग जवळजवळ नक्कीच धोंडा आहे, आणि कांद्यासारखा सोलवटणारा. बेसॉल्टचा थर थंड होताना त्याला भेगा पडून ठोकळे होतात. पुढे पाणी त्या भेगांतून मुरतं. ठोकळ्याच्या कोपऱ्यावर ते तीन बाजूंनी हल्ला करतं, कडेवर दोन, सपाट बाजूवर एक. म्हणून कोपरे आधी झिजतात आणि चौकोनी ठोकळ्याचा गोलसर धोंडा होतो, भोवती कुजलेल्या दगडाचे पापुद्रे. आतला गाभा मात्र ताजा आणि भलताच टणक. तुम्ही मुरूम म्हणताय तोसुद्धा बहुधा याच दगडाचा कुजून झालेला भाऊबंद आहे.

टाकीचेघाव
बरोबर. म्हणजे आधी सालं काढायची. त्या ओल्या रेघेत छिन्नी बाहेरच्या बाजूला तिरकी धरून मारा. पापुद्रा निघाला की त्याच्या कडेने पुढचा. घण मध्ये नाही, नेहमी कडेकडून. कडेला दगडाला पळायला मोकळी जागा असते, मध्ये नसते.

पायाभरणी
मी उशिरा आलो, पण एक गोष्ट कुणीच कशी बोलली नाही? दोन मीटर खोल, उभ्या भिंती, आत एकटा माणूस ओणवा होऊन घण मारतोय. मातीला धक्के बसतायत. धोंड्याचं सोडा, भिंतीचं काय?

एक घनमीटर माती दीड टनाच्या वर भरते. छातीपर्यंत माती आली तरी श्वास घेता येत नाही, बाहेर ओढताही येत नाही. खड्डा सव्वा मीटरच्या पुढे न्यायचा तर बाजू उतरत्या करा किंवा फळ्या-टेकू लावा. काढलेली माती काठावर रचू नका, निदान ६० सेंटीमीटर मागे. आणि वर कुणीतरी हजर पाहिजे, फोनमध्ये डोकं घालून नव्हे.

दुसरं, धोंड्याच्या खाली माती पोखरत जाऊ नका. तो कधी बसेल ते सांगून बसत नाही.

तिसरं, तिथून वायर, पाण्याची किंवा गॅसची लाइन जात नाही ना, हे ड्रिल लावायच्या आधी बघा.

माझं मत विचाराल तर खोली कमी करून खड्डा पसरट करा. पाणी मुरायला काय, घनफळ तेवढंच राहिलं की झालं.

भूस्तर
पायाभरणींना अनुमोदन. फक्त घराच्या पायापासून तीन ते पाच मीटर लांब राहा, पसरट करताना पायाकडे सरकू नका. मुरलेलं पाणी पायाखाली जायला नको.

खड्डेखोर
पटलं. आता माप असं : दोन मीटर लांब, १.८ मीटर रुंद, सव्वा मीटर खोल. पूर्वीही साडेचार घनमीटर होतं, आताही साडेचारच. धोंडा ज्या भिंतीत घुसलाय तिकडेच वाढवतो, घरापासून लांबची बाजू आहे.

निवांत
केमिकल पावडरबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. मी वापरली आहे. एकदा छान जमलं, एकदा फजिती.

ही पावडर म्हणजे मुख्यतः विशिष्ट पद्धतीने भाजलेला चुना. पाण्याशी संयोग होऊन फुगतो. भोकात कोंडलेला असल्यामुळे बाहेरच्या दगडाला रेटतो, आणि भूस्तर म्हणाल्या तसा दगड ताणात फाटतो. आवाज नाही, धक्का नाही. साधारण ३० ते ४० मिलिमीटर व्यासाची भोकं लागतात, अंतर व्यासाच्या आठ-दहा पट, खोली दगडाच्या जाडीच्या ८० ते ९० टक्के. पाच किलो पावडरीला दीड लिटरच्या आसपास गार पाणी, आणि कालवल्यावर पाच-दहा मिनिटांत ओतून मोकळं व्हायचं. मग रात्रभर वाट बघायची. सकाळी भेगा दिसतात, त्या दिवसभर रुंदावत जातात.

फजिती अशी की पावडर वेगवेगळ्या तापमानासाठी वेगवेगळी मिळते हे मला कुणी सांगितलं नाही. दुकानदाराने थंड हवेतली दिली आणि मी ती भर उन्हात तापलेल्या दगडात ओतली. २० मिनिटांनी एका भोकातून फट् आवाज होऊन सगळा लगदा पिचकारीसारखा वर उडाला. मी दोन मिनिटांपूर्वी त्याच भोकात डोकावून बघत होतो. चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, तो अत्यंत दाहक असतो. तेव्हापासून नियम : ओतलं की वर ताडपत्री टाकायची आणि पाठ फिरवायची. डोकवायचं नाही. उरलेला लगदा बाटलीत भरून ठेवायचा नाही, बाटली फोडतो.

शंकासुर
आणि लाकडी पाचर? वाळलेली पाचर भोकात ठोकून वर पाणी ओतलं की लाकूड फुगतं आणि दगड फुटतो म्हणे. पिरॅमिडवाल्यांनी असेच दगड काढले असं लहानपणापासून ऐकतोय.

भूस्तर
आधीच भेग असलेल्या किंवा थर पडलेल्या मऊ दगडात लाकूड काम करू शकतं. पण इजिप्तची गोष्ट जरा वेगळी आहे. आस्वानच्या ग्रॅनाइट खाणीत एक अर्धवट सोडलेला ओबेलिस्क, म्हणजे उंच दगडी स्तंभ, आजही आडवा पडून आहे, सुमारे ४२ मीटर लांब, वजन हजार टनांच्या वर. त्याच्या भोवतीचे चर डोलेराइट या टणक दगडाच्या गोट्यांनी ठेचून ठेचून काढलेले दिसतात. त्या खाणीत पाचरीच्या खाचा आहेत, पण त्या बऱ्याच नंतरच्या काळातल्या मानल्या जातात. आणि तो सोडून का दिला माहितीये? काम चालू असताना दगडात भेगा निघाल्या. आपल्याला भेग हवी असते, त्यांना नको होती.

चिमणी४२
म्हणजे फॅरोनेही शेवटी ओटाच केला. मी पहिल्या प्रतिसादात काय म्हणत होते?

टाकीचेघाव
पावडरीला माझा विरोध नाही, पण पाऊण मीटरच्या धोंड्याला ती लागत नाही. पाचर पुरे. निवांत लिहून काढतो, मग मला विचारू नका.

प्रत्येक भोकाला तीन लोखंडी तुकडे लागतात : दोन अर्धगोल पट्ट्या आणि मध्ये निमुळती पाचर. पट्ट्या भोकात दोन बाजूंना बसतात, पाचर त्यांच्या मधून खाली जाते. पाचर थेट भोकात ठोकली तर तोंडाशीच दगड चिरडते. पट्ट्यांमुळे रेटा खोलवर आणि आडवा जातो.

भोकं साधारण १८ मिलिमीटरची, १० ते १२ सेंटीमीटर खोल, एका रेषेत, दर १२ ते १५ सेंटीमीटरवर एक. भिंतीत खिळ्यासाठी वापरतो ते घरगुती ड्रिल यात जळून जाईल. रोटरी हॅमर पाहिजे, तो आतून दट्ट्याने ठोकतो. त्याच्यावर रेलू नका, दाबल्याने भोक लवकर पडत नाही, बिट (भोक पाडणारी सळई) मात्र अडकून बसतं. दर दोन-तीन सेंटीमीटरला बाहेर काढून भुकटी काढा. भोक उभं ठेवा. एक इकडे कललं आणि एक तिकडे, की पाचरी एकमेकींशी भांडतात आणि भेग मधेच कुठेतरी जाते.

पट्ट्यांची दिशा नीट बघा. पट्ट्या रेषेच्या दोन अंगांना आल्या पाहिजेत, म्हणजे रेटा रेषेला काटकोनात पडतो. नवशिके इथे हमखास चुकतात.

आता ठोकणं. दोन किलोची हातोडी पुरे, मोठा घण नको. पहिल्या पाचरीला एक टोला, दुसरीला एक, तिसरीला एक, चौथीला एक, पुन्हा पहिली. सगळ्या सारख्या घट्ट. एकीवरच जोर काढलात तर तिथला कोपरा उडेल. प्रत्येक फेरीला आवाज चढत जातो, बद्दचा टण् होतो, टण्चा टिण्. आवाज टिपेला गेला की थांबा.

थांबा म्हणजे खरोखर थांबा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. भेग आतून हळूहळू चालत असते. आमच्याकडे या वेळात कुणी हातोडी उचलली की वडील नुसते बघायचे, ती बघण्याची तऱ्हा मला अजून आठवते. पुन्हा एक फेरी, पुन्हा थांबा. मग एकदम आवाज उतरतो. तो उतरला की दगड गेला.

आणि नेहमी निम्मे करत जा. बाजूने छोटा तुकडा काढायला गेलात तर भेग जवळच्या मोकळ्या बाजूला वळते आणि नुसती कपची निघते. दोन्ही अंगांना सारखा भार असला की सरळ जाते.

खड्डेखोर
हे प्रिंट काढून खड्ड्याशी लावतोय. वजन किती असेल? उचलायचं कसं याची आता धास्ती वाटतेय.

भूस्तर
जाडी ६० सेंटीमीटर धरू. ९० गुणिले ७० गुणिले ६० ची पेटी म्हणजे ०.३८ घनमीटर. गोलाईमुळे त्याच्या दोन तृतीयांश धरा, पाव घनमीटर. बेसॉल्टची घनता पाण्याच्या सुमारे २.९ पट. म्हणजे सव्वासातशे किलो, पाऊण टन म्हणा. एकदा निम्मा केला की ३६०, मग १८०, मग ९०, चौथ्यांदा ४५. तेवढा दोघांना उचलता येतो.

पायाभरणी
उचलू नकाच, कलवा. १.८ मीटरची पहार घ्या, टोकापासून १५ सेंटीमीटरवर लाकडाचा टेकू द्या. हाताकडची बाजू १६५ सेंटीमीटर, दगडाकडची १५. ताकद ११ पट. ४० किलोचा भार टाकलात की टोकाला ४४० किलो. दर वेळी बोटभर उचला, खाली लाकडाचा तुकडा सरकवा, पुन्हा. हात नव्हे, लाकूड सरकवा. चढ करायला एका बाजूची माती तिरकी कापली की फळीवरून लोटत वर आणता येतं.

आणि मास्क. रुमाल नव्हे, कण अडवणारा खरा मास्क. चष्मा तर पाहिजेच, दगडापेक्षा लोखंडाची भीती जास्त. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरतं, त्याची कड उडते. पसरलेली कड घासून काढल्याशिवाय छिन्नी हातात घेऊ नका.

भूस्तर
मास्कबाबत थोडी भर. सिलिकाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस फुप्फुसं कायमची निकामी करतो. ग्रॅनाइट, वालुकाश्म यांत सिलिका भरपूर. बेसॉल्टमध्ये मोकळी सिलिका कमी, पण म्हणून मास्क काढायचा नाही. पाणी शिंपडून धूळ बसवा, फक्त चालू विजेच्या ड्रिलवर ओतू नका.

घणाघाती
ब्रेकरला कुणी वालीच नाही का इथे? मी वापरलाय. १५ किलोचं मशीन, अर्ध्या दिवसात काम फत्ते.

टाकीचेघाव
ब्रेकर चांगलाच, भेगाळलेल्या दगडाला आणि काँक्रीटला तर फारच. पण ताज्या काळ्या दगडाच्या पाठीवर तो दिवसभर एकच खळगा करत बसतो. लावायचाच तर कडेपासून वीतभर आत, आणि पाच-सात सेंटीमीटरच्या वर छिन्नी रुतू द्यायची नाही. अडकली की ती काढायला दुसरी छिन्नी लागते.

घणाघाती
हो, अडकली होती. म्हणूनच अर्धा दिवस लागला.

खड्डेखोर
रविवारचा अहवाल.

खड्डा वाढवला तर भिंतीतली बाजू अवघी हातभर आत जाऊन संपली! चारही बाजू मोकळ्या. कातळ नाही, धोंडाच. तासभर सालं काढली. ओल्या रेघेतून बशीएवढे पापुद्रे निघाले, ठिसूळ, आतून तांबूस. गाभा उरला ७५ गुणिले ६०.

चार भोकं आखली. पहिली दोन छान पडली. तिसऱ्यात मी रेललो (लिहिलेलं वाचूनसुद्धा) आणि बिट अडकलं. ड्रिलला उलटं फिरवूनही सुटेना, शेवटी मशीन काढून बिटाला पाना लावून हलवत हलवत काढलं, पाऊण तास गेला. चौथं थोडं कललं.

पाचरी लावल्या. एक, दोन, तीन, चार. दुसऱ्या फेरीला आवाज चढला. तिसऱ्या फेरीला इतका बारीक झाला की कानाला टोचला. चौथी फेरी मारायला हात उचलला, तेवढ्यात तुमच्या वडिलांची नजर आठवली. हातोडी ठेवली आणि पाणी प्यायला घरात गेलो.

परत आलो तर चारही भोकांना जोडणारी एक केसाएवढी रेघ होती. मी घरात असताना झालं! आवाजही ऐकला नाही. एकेक हलका टोला मारला, टिण्चा एकदम थप् झाला आणि दोन अर्धे बोटभर बाजूला झाले. आतला दगड निळसर काळा, ओला असल्यासारखा चमकत होता. तो कोरडाच होता.

शंकासुर
अंगावर काटा आला. दगडाबद्दल वाचताना येईल असं वाटलं नव्हतं.

टाकीचेघाव
झकास. घरात गेलात हे सगळ्यात उत्तम केलंत.

खड्डेखोर
पुढच्या रविवारचा भाग तितका गोड नाही. पहिला अर्धा नीट चिरला. दुसऱ्याला आडव्या पाचरी लावल्या तर भेग निम्म्यावर येऊन वळली आणि एका पांढऱ्या शिरेतून तिरकी बाहेर पडली. एक पाचर तशीच अडकून राहिली. आता?

टाकीचेघाव
तिच्या शेजारी चार बोटांवर, रेषेतच, आणखी एक भोक पाडा आणि तिथे दुसरी पाचर मारा. भेग रुंदावली की अडकलेली आपोआप सैल होते. उपसायला जाऊ नका. आणि ती पांढरी शीर आधी दिसली होती ना? पुढच्या वेळी रेघ तिच्यावरूनच आखा. दगडाच्या मनात जिकडे जायचंय तिकडेच न्यायचा.

खड्डेखोर
सुटली. सगळे तुकडे वर आले, सगळ्यात मोठा दोघांनी पहारीने कलवत, फळीवरून. बोटं दहाच्या दहा शाबूत.

धोंड्याखाली काय निघालं? मऊ पिवळसर मुरूम. भूस्तर, पाणी मुरतंय का ते कसं बघू?

भूस्तर
तळात ३० सेंटीमीटर रुंद आणि तेवढाच खोल छोटा खड्डा करा. एकदा भरून पाणी पूर्ण जिरू द्या, कारण कोरडी जमीन पहिल्यांदा अधाशासारखी पिते आणि फसवते. मग पुन्हा भरा, पट्टी उभी करून ठेवा आणि पातळी किती वेळात किती उतरते ते लिहा. तासनतास जागची हलली नाही तर खड्डा बुजवा आणि जागा बदला. फोडलेले तुकडे टाकू नका बरं का, तेच भरायला लागतील. मोठे तळाला, लहान वर. बारीक चुरा आणि भुकटी आत जाऊ देऊ नका, पोकळ्या बुजतात. माती आत येऊ नये म्हणून बाजूंना आणि वर पाणी झिरपू देणारं कापड.

खड्डेखोर
दुसऱ्या भरणीला अर्ध्या तासात ११ सेंटीमीटर उतरलं.

भूस्तर
उत्तम. भरायला घ्या.

खड्डेखोर
सगळे तुकडे सालांसकट धुऊन तळाला पसरले. पट्टी लावून थर मोजला. सहा रविवार, पाऊण टन दगड, एक वाकलेलं बिट, आणि थर भरला दहा सेंटीमीटर. भरायचाय एक मीटर.

चिमणी४२
म्हणजे असेच आणखी नऊ धोंडे हवेत.

खड्डेखोर
पाचरी पुसून, तेल लावून माळ्यावर टाकल्यात. उरलेला दगड खडी म्हणून ट्रॅक्टरने येतोय.

माती_आणि_मी
माळ्यावरून काढता का जरा? मी वर म्हटलं होतं ना, आमच्याकडेही एक आहे.